पळस एक, नावं दोन. जिल्हा एक, नावं तीन!

हर्बेरियममध्ये वाळवलेल्या वनस्पतीच्या नमुन्याच्या शीटवर बारकोड लागतो आणि नाव, ठिकाण, तारीख संगणकात जाते. सोपं वाटतं ना? आता आपला यवतमाळ जिल्हा घ्या. 1905 पर्यंत कागदोपत्री ‘वणी’ जिल्हा. मग यवतमाळ, तेही इंग्रजीत ‘वाय-ई-ओ’ने सुरू होणारं. आजचं स्पेलिंग आणखी वेगळं! ही नावं जोडली नाहीत, तर ‘यवतमाळ’ शोधणाऱ्याला जुने नमुने सापडतच नाहीत. म्हणून चांगल्या प्रणालीत लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात, आजचं ठिकाण दुसऱ्यात. जुनं खोडायचं नाही! पळसाचंही तेच: जुन्या शीटवर ब्यूटिया फ्रॉन्डोसा, आज ब्यूटिया मोनोस्पर्मा. टिपेश्वर अभयारण्यातल्या पळसाला मात्र याचं काही नाही, तो उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतोच.