वंशाधारित हंगेरियन नागरिकत्वाची पुष्टी

वंशाधारित हंगेरियन नागरिकत्वाची पुष्टी ही हंगेरी देशाच्या कायद्यातील एक प्रशासकीय प्रक्रिया आहे. आई किंवा वडिलांकडून जन्मतःच मिळालेले नागरिकत्व अर्जदाराजवळ आजही अस्तित्वात आहे काय, याची तपासणी तीत केली जाते. या प्रक्रियेने नवे नागरिकत्व दिले जात नाही. असलेल्या नागरिकत्वाचा दाखला दिला जातो. त्यामुळे ती देशीयकरणाहून, म्हणजे परकीय व्यक्तीने अर्ज करून नागरिकत्व मिळविण्याहून, वेगळी ठरते.

तत्त्व

हंगेरीत नागरिकत्व जन्मस्थळावरून नव्हे, तर रक्तसंबंधावरून ठरते. हंगेरियन नागरिकाचे अपत्य जगात कोठेही जन्मले तरी जन्मतः हंगेरियन नागरिक असते, असे २०१२ पासून लागू असलेल्या मूलभूत कायद्यात (राज्यघटनेत) म्हटले आहे. पिढ्यांची मर्यादा नाही. मात्र साखळीतील एका पूर्वजाने अपत्याच्या जन्मापूर्वी नागरिकत्व गमावले असेल, तर पुढील पिढ्यांकडे ते त्याच्यामार्फत येत नाही. म्हणून प्रत्येक पिढीस तिच्या काळी लागू असलेला कायदा लावून पाहावा लागतो.

ऐतिहासिक टप्पे

हंगेरीचा पहिला नागरिकत्व कायदा १८७९ चा. त्यानुसार विवाहसंबंधातून जन्मलेल्या अपत्यास वडिलांचे नागरिकत्व मिळे आणि परकीयाशी विवाह करणारी स्त्री आपले नागरिकत्व गमावी. सलग १० वर्षे देशाबाहेर राहिलेल्याचे नागरिकत्वही संपुष्टात येई. त्याच्यासोबत पत्नी व अज्ञान मुले यांचेही जाई. या काळात वाणिज्य दूतावासाच्या नोंदवहीत नाव घातल्यास किंवा पारपत्राचे नूतनीकरण केल्यास ते टिकत असे. अनुपस्थितीचा हा नियम १९२९ मध्ये संपला.

पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० रोजी त्रियानोंचा तह झाला. हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजारी राष्ट्रांकडे गेला. त्या प्रदेशात अधिवासाचा हक्क असलेल्यांचे हंगेरियन नागरिकत्व सर्वसाधारणपणे संपले व नव्या राष्ट्राचे लागू झाले. ठरावीक मुदतीत हंगेरीची निवड करण्याची मुभा मात्र होती. १९३८ ते १९४१ या काळात यांतील काही प्रदेश पुन्हा हंगेरीकडे आले, आणि १९४७ च्या पॅरिस तहाने परत गेले. घर न सोडता एकाच माणसाचे नागरिकत्व तीनदा बदलल्याची उदाहरणे यामुळेच आढळतात.

१ ऑक्टोबर १९५७ पासून आई व वडील यांपैकी कोणाच्याही नात्याने नागरिकत्व मिळू लागले. त्या तारखेपूर्वी हंगेरियन माता व परकीय पिता यांच्या पोटी जन्मून नागरिकत्वापासून वंचित राहिलेल्यांना ते घोषणापत्राद्वारे मिळविता येते. सध्या १९९३ चा कायदा लागू आहे.

उदाहरण

कल्पना करू की एक पुरुष १९०५ मध्ये कॉश्शा (आजचे कोशित्से, स्लोव्हाकिया) येथून अमेरिकेस गेला आणि त्याने दूतावासात नोंद केली नाही. १९१५ मध्ये त्याचे नागरिकत्व संपले; त्याच्या नातवास पुष्टीचा दाखला मिळणार नाही. दुसरा १९२५ मध्ये डेब्रेत्सेनहून गेला. १९२९ पर्यंत त्याची १० वर्षे भरली नाहीत. मध्यंतरी अन्य कारणाने नागरिकत्व गेले नसेल, तर त्याचा मुलगा आणि त्या मुलाची अपत्ये जन्मतः हंगेरियन ठरतात, मग त्यांनी हंगेरी कधी पाहिलेला नसला तरी.

अर्ज व कागदपत्रे

अर्ज परदेशात हंगेरियन वाणिज्य दूतावासात करता येतो. पूर्वजापासून अर्जदारापर्यंत प्रत्येक पिढीचे जन्म व विवाह दाखले, पूर्वजाचे जुने पारपत्र किंवा तत्सम पुरावे आणि देश सोडल्याच्या काळाची कागदपत्रे यांना महत्त्व असते. नागरी जन्मनोंदणी १ ऑक्टोबर १८९५ रोजी सुरू झाली. त्यापूर्वीच्या नोंदी धार्मिक संस्थांच्या वह्यांत शोधाव्या लागतात. स्थलनामे बदललेली असतात: पोझोनीचे ब्रातिस्लाव्हा, कोलोझव्हारचे क्लुझ झाले. व्यक्तिनामेही बदलतात, यानोशचा जॉन होतो. या प्रक्रियेसाठी भाषाज्ञानाची अट नाही.

सुलभ देशीयकरण

साखळी तुटलेल्यांसाठी २०१० च्या दुरुस्तीने वेगळा मार्ग खुला केला. त्याचे अर्ज जानेवारी २०११ पासून स्वीकारले जाऊ लागले. पूर्वज हंगेरियन नागरिक असणे वा हंगेरियन मूळ संभवनीय असणे, हंगेरियन भाषा येणे आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी नसणे या प्रमुख अटी आहेत. हंगेरीत वास्तव्याची अट नाही. निर्णय राष्ट्राध्यक्ष घेतात आणि शपथ घेतल्यावर नागरिकत्व सुरू होते. ते मागील पिढ्यांना लागू होत नाही. या दुरुस्तीला उत्तर म्हणून स्लोव्हाकियाने २०१० मध्येच स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्यांचे स्लोव्हाक नागरिकत्व काढून घेणारी तरतूद केली.

भारतीय कायद्याच्या संदर्भात

भारताच्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ मधील कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व संपादन करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. हंगेरी दुहेरी नागरिकत्वास मान्यता देत असला, तरी सुलभ देशीयकरणाचा मार्ग घेणाऱ्या भारतीयास हे कलम लागू होते.