मेरीला पडद्यावर का मरावं लागलं?

पॉल ग्रीनग्रास यांच्या ‘द बोर्न सुप्रिमसी’ची (२००४) सुरुवात गोव्यात होते. नायक जेसन बोर्नला रात्री-अपरात्री भूतकाळाची भयंकर स्वप्नं पडतात आणि त्याची प्रेयसी मेरी त्याला ती वहीत उतरवून ठेवायला सांगते. मग मारेकरी येतो. जीपमधून पळताना दोघं जागा बदलतात, मेरी स्टिअरिंगवर बसते आणि बोर्नसाठी झाडलेली गोळी तिला लागते. जीप पुलावरून नदीत कोसळते. पाण्याखाली बोर्न तिच्या तोंडात श्वास भरू पाहतो, पण ती केव्हाच गेलेली असते.

रॉबर्ट लडलम यांच्या याच नावाच्या कादंबरीत यातलं काहीच नाही. १९८६ साली आलेल्या त्या पुस्तकात मेरी जिवंत आहे. तिचं अपहरण करून तिला हाँगकाँगला नेतात, तर ती कैदेतून निसटते आणि त्या अनोळखी शहरात स्वतःच्या हिमतीवर तग धरते. १९९० साली आलेल्या तिसऱ्या कादंबरीत ती दोन मुलांची आई आहे.

हेरकथा पडद्यावर येताना नायिकेचं असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. कादंबरीकाराच्या हाती पाच-सहाशे पानं असतात. नायकाच्या मनात शिरून, तो पुन्हा शस्त्र का उचलतो, हे तो सावकाश सांगू शकतो. सिनेमाकडे दोन तास असतात आणि मन कॅमेऱ्याला दिसत नाही. सूड मात्र दिसतो. प्रेयसीचा मृत्यू दाखवला की पुढचे सगळे पाठलाग आपोआप समर्थनीय ठरतात. शिवाय मालिका पुढे चालवायची तर नायक एकटा असलेला बरा, हाही हिशेब असतोच.

पण बदल म्हणजे नुकसानच, असं मी मानत नाही. मेरीचंच पहिलं रूप पाहा. १९८० च्या ‘द बोर्न आयडेंटिटी’मधली मेरी सेंट जॅक ही कॅनडा सरकारच्या नोकरीतली, डॉक्टरेट मिळवलेली अर्थतज्ज्ञ. परिषदेसाठी झुरिकला आलेली असताना बोर्न तिला ओलीस धरतो. पुढे बँकांच्या व्यवहारांचा माग काढताना तिचीच विद्या त्याच्या कामी येते. २००२ च्या चित्रपटात डग लायमन यांनी तिची मेरी क्रॉइट्झ केली. फ्रांका पोटेंटेनं साकारलेली ही मेरी पैशांच्या अडचणीत असलेली, ठावठिकाणा नसलेली जर्मन मुलगी आहे. झुरिकच्या अमेरिकी वकिलातीत व्हिसासाठी तिची हुज्जत चाललेली असते आणि पैशांच्या मोबदल्यात ती बोर्नला आपल्या मिनीतून पॅरिसला न्यायला तयार होते. कागदावर ही सरळसरळ पदावनती आहे.

तरीही पॅरिसच्या हॉटेलचा प्रसंग आठवा. बोर्न तिला पावलं मोजायला सांगतो, कोण कुठे उभं आहे ते हेरायला सांगतो. हेरगिरीचा अख्खा धडाच देतो. ती आत जाते आणि थोड्याच वेळात हवे ते कागद घेऊन बाहेर येते. कसे मिळाले? तिनं काउंटरवर सरळ मागितले! पदवी गेली, पण अक्कल शाबूत राहिली आणि ओलीस धरल्याचा भागही गळला. ती स्वतःच्या मर्जीनं गाडी चालवते. कादंबरीतल्या जबरदस्तीतून उगवलेल्या प्रेमापेक्षा मला हे प्रेम जास्त पटतं.

‘कसिनो रोयाल’मध्ये तर सिनेमानं कादंबरीवर मात केली आहे. इयन फ्लेमिंग यांच्या १९५३ च्या कादंबरीतली व्हेस्पर लिंड हेरखात्याच्या कचेरीत काम करते. जेम्स बाँडला मदतीला बाई दिली म्हणून त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. शेवटी तिची फितुरी उघड होते, ती झोपेच्या गोळ्या खाऊन जीव देते आणि बाँड तिला तुच्छतेनं मनातून काढून टाकतो. २००६ च्या चित्रपटात इव्हा ग्रीनची व्हेस्पर ब्रिटिश अर्थखात्याची अधिकारी आहे. जुगाराच्या डावाचा पैसा तिच्या ताब्यात आहे आणि हरलेल्या बाँडला ती आणखी पैसा द्यायला नकार देते. जिन्यातल्या हत्याकांडानंतर ती कपड्यांसकट शॉवरखाली बसून राहते आणि बाँड मुकाट्यानं शेजारी येऊन बसतो. हा प्रसंग कादंबरीत नाही. पण माणूस मरताना पाहिल्यावर माणसाचं काय होतं, हे दाखवणारं असं दृश्य बाँडपटांत क्वचितच सापडतं. व्हेस्पर इथेही मरते. पण आपला निर्णय घेऊन, आणि तिच्या मरणाचा घाव बाँड पुढच्या चित्रपटातही वागवतो.

उलट गाला ब्रँडचं पाहा. १९५५ च्या ‘मूनरेकर’ कादंबरीतली ही पोलीस अधिकारी क्षेपणास्त्राचा कट उधळायला बाँडच्या बरोबरीनं झटते आणि शेवटी, आपलं लग्न ठरलंय, असं सांगून त्याचा निरोप घेते. १९७९ च्या चित्रपटात तिच्या जागी दुसरीच नायिका आली. बाँडला नाही म्हणणारी बाई पडद्याला परवडली नाही, असंच मला वाटतं.

म्हणून नाव बदललं, देश बदलला, नोकरी बदलली, यावरून रूपांतराला नावं ठेवू नयेत. कथेला वळण देणारा एखादा निर्णय नायिकेच्या हाती उरला आहे का, एवढंच तपासावं. २००२ ची मेरी आणि २००६ ची व्हेस्पर या कसोटीला उतरतात. गोव्यातली मेरी उतरत नाही. फ्रांका पोटेंटेसारखी अभिनेत्री हाताशी असताना तिला सुरुवातीलाच संपवणं ही त्या उत्तम चित्रपटातली मोठी चूक आहे.