धाप्याचा फ्लॉवर आणि बदललेला कचरा

कोलकात्याच्या पूर्व वेशीवर धापा आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहराचा कचरा इथे येऊन पडतो आणि त्याच कचऱ्यावर फ्लॉवर, पालक, मुळा, मका पिकतो. सुरुवातीचा कचरा म्हणजे शेण, राख, भाजीची देठं. कुजला की त्याचं कसदार खत होई. शेतकऱ्याला खत फुकट आणि शहराला ताजी भाजी स्वस्तात.

पुढे कचऱ्याची जात बदलली. त्यात बॅटऱ्या आल्या, रंगांचे डबे आले. तांगरा-तोपसिया भागातल्या चामड्याच्या कारखान्यांचं क्रोमियम शेतांना मिळणाऱ्या सांडपाण्यात मिसळलं. वाफे तेच राहिले, पण माती आणि भाजी तपासली की शिसं, कॅडमियम, क्रोमियम सापडू लागलं.

यातलं सर्वांत फसवं कॅडमियम. गुणधर्मांनी ते जस्ताच्या जवळचं, म्हणून मुळं जस्तासोबत त्यालाही आत घेतात. प्रमाण फार वाढलं की मुळं आखूड आणि तपकिरी होतात, लोहाचा पुरवठा बिघडून कोवळी पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. शिसं आणि क्रोमियम बहुतांशी मुळांतच अडकतं. पानांवरच्या धुळीतलं शिसं धुतल्यावर बरंचसं जातं. कॅडमियम मात्र पानाच्या आत असतं, ते धुऊन निघत नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स अन्नमानकानुसार पालेभाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंतच ते चालतं. ही मर्यादा ओलांडलेली जुडीही हिरवीगार दिसू शकते. पिकाला त्रास होण्याआधीच खाणाऱ्याला धोका सुरू होतो.

उपाय झाले ते उगमापाशी आणि जमिनीच्या रक्षणासाठी. १९९२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने, धापा ज्यांत येतो त्या पूर्वेकडच्या पाणथळ जमिनी बुजवायला लगाम घातला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं. धुळीत शिसं सोडणारं शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झालं. २००२ मध्ये या पाणथळ परिसराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. त्यामागे अभियंता ध्रुबज्योती घोष यांचं अनेक वर्षांचं काम होतं.

पण धातू कुजत नाही. जुन्या थरांत साचलेलं मातीतच राहतं. म्हणून दूषित वाफ्यांत पालेभाजीऐवजी भोपळा, शेंगा घ्याव्यात, आम्लधर्मी मातीत चुना द्यावा आणि माती तपासण्याचा खर्च शहराने उचलावा. हे विष शेतकऱ्याने पेरलेलं नाही. ते शहराने पाठवलं, तेव्हा बॅटऱ्या नि रंगांचे डबे ओल्या कचऱ्यातून वेगळे काढण्याची जबाबदारीही शहराचीच आहे.