पॅडला जोर कळतो तो कसा?

ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत ऑक्टोपॅड ऐकत वाढलेली मुलं कधी ना कधी घरीच पॅड बनवायला घेतात. प्लायवूडचा तुकडा, त्यावर रबर, खाली २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती आणि एक आर्डुइनो. पहिल्याच संध्याकाळी आवाज निघतो. अडतं ते पुढे. हलका ठोका आणि जोरदार टोला सारखेच वाजतात, नाहीतर एकाच ठोक्याचे दोन ऐकू येतात. मग चकतीच वाईट म्हणून महागडी शोधायला माणूस बाजारात जातो. मला हे वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा चकती चांगलीच असते. चुकलेला असतो तो काही मिलिसेकंदांचा हिशेब.

मुळात चकती जोर मोजते हाच गैरसमज आहे. दाबामुळे काही स्फटिकांवर विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. पण तो भार टिकत नाही. चकतीवर अंगठा दाबून धरा. आकडा क्षणभर वर जातो आणि अंगठा तसाच असताना शून्यावर येतो. चकतीला वाकणं कळतं, तेही वाकणं बदलत असतानाच. ठोक्यानंतर पॅड थरथरतो आणि आपल्याला मिळते ती त्या थरथरीची लाट, कधी धन तर कधी ऋण. ठोक्याचा जोर त्या लाटेच्या शिखरावरून ओळखायचा असतो.

बहुतेकांचा प्रोग्रॅम नेमका इथे घसरतो. आकडा ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की तोच जोर धरून आवाज सोडला जातो. पण त्या क्षणी लाट नुकती चढायला लागलेली असते, म्हणून टोला कितीही मोठा असला तरी हाती येणारा आकडा उंबरठ्याच्या आसपासचाच. उंबरठा ओलांडल्यावर दोन-तीन मिलिसेकंद वाचत राहायचं आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, हा खरा उपाय. तेवढ्याने वादन मागे पडेल ही भीती मनातून काढून टाका. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. खऱ्या स्नेअरचा आवाज वादकाच्या कानापर्यंत यायलाही साधारण दोन मिलिसेकंद लागतातच.

आर्डुइनो उनोला एक वाचन करायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. एकाच पॅडवर लक्ष असेल तर दोन मिलिसेकंदांत वीसेक वाचनं होतात. आठ पॅड पाळीपाळीने वाचले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीनच येतात आणि शिखर निसटतं. त्यातच आकडे पडद्यावर पाहायला ९६०० बॉडने छापायला घेतले, तर एका अक्षरालाच एक मिलिसेकंद जातो. तपासणी संपली की ती ओळ आधी काढा.

एका ठोक्याचे दोन ऐकू आले की सोल्डर सुटल्याचा संशय येतो. तसं क्वचित असतंही, पण बहुधा थरथर पुरती शमायच्या आत उंबरठा पुन्हा ओलांडला गेलेला असतो. म्हणून शिखर मिळाल्यावर काही काळ पॅडकडे दुर्लक्ष करतात. तो काळ १०० मिलिसेकंद ठेवला तर दुहेरी ठोके थांबतील, पण रोलही मरेल. दोन्ही हातांनी सेकंदाला सोळा ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ६२ मिलिसेकंद असतात. त्यापेक्षा शिखरानंतर उंबरठा उंच न्यावा आणि थरथरीबरोबर हळूहळू खाली आणावा. मला हीच रीत सर्वांत आवडते, कारण तिच्यात हलका ठोकाही वाचतो.

जोरात मारलं की प्रत्येक वेळी मिडीचा सर्वांत मोठा आकडा, १२७च येतो, ही तक्रारही चकतीवरच ढकलली जाते. वास्तविक काठीच्या टोल्याने चकती दहा-वीस व्होल्टही सहज देते. आर्डुइनोची पिन मात्र पाचपर्यंतच वाचते. चकतीला समांतर लावलेला एक मेगाओमचा रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड पिनेला वाचवतात खरे, पण झेनर पाचावरचं सगळं छाटून टाकतो. छाटलेलं कुठल्याही कोडने परत येत नाही. सिग्नल आधीच पोटेन्शिओमीटरने उतरवा, किंवा चकती आणि वरच्या थराच्या मध्ये फोम घाला. फोममुळे मधोमध बसणारा टोला अवाजवी मोठा वाटणंही कमी होतं.

मग आर्डुइनोच्या सर्वांत मोठ्या वाचनाला, म्हणजे १०२३ला, आठाने भागून मिडीचा १२७ काढायचा? गणित बरोबर आहे, पण कान असा सरळ रेषेत ऐकत नाही. हलके ठोके तळाशी गोळा होतात. त्यांना वर उचलणारा वक्र लागतो आणि तो स्वतःच्या हाताने वाजवत वाजवतच बसवावा लागतो.

शेजारचा पॅड आपोआप वाजत असेल, तर कोडला हात लावण्यापूर्वी स्टँड पाहा. कंप लोखंडी नळीतून पलीकडे जातो. प्रत्येक पॅडखाली रबर द्या. तरीही वाजला, तर त्याच दोन-चार मिलिसेकंदांत आलेल्या दोन शिखरांची तुलना करा आणि फारच लहान असेल ते सोडून द्या.