हळदीची धूळ आणि श्वासनलिकेचा जलव्यवहार

चैत्र-वैशाखात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची आवक भरात आली, म्हणजे तेथील हवेलाही पिवळी झाक चढते. कट्टा फोडून माल ओतला जातो, खरेदीदार ढिगात हात घालून एखादे हळकुंड उचलतो, मोडून त्याचा गाभा पाहतो, बोली चढते, मापाडी वजन टिपतो आणि हमाल पुन्हा कट्टे भरून शिवतात. या साऱ्या उलाढालीत हळकुंडांच्या घासणीने उठलेली भुकटी दिवसभर खाली बसतच नाही. नाकातोंडाला उपरणे गुंडाळलेल्या एका प्रौढ हमालाला मी विचारले, "मामा, या धुळीनं छातीला त्रास होत नाही का?" पिवळसर बेडका बाजूला टाकून ते म्हणाले, "हंगामात चालायचंच. रात्रीतून छाती मोकळी होती बघा." ती मोकळी करणारे खाते मनुष्यदेहातील अत्यंत दक्ष खात्यांपैकी एक असून, त्याचा अवघा कारभार मीठ व पाणी यांच्या चोख हिशेबावर चालतो.

श्वासनलिकेत असते त्याच जातीचे अस्तर नाकातही असते. त्यावरून मऊ ब्रशाने हलकेच काढलेल्या पेशी मिठाच्या पाण्याच्या थेंबात घालून मी एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत. पेशींचा पुंजका निश्चल दिसतो, मात्र त्याची एक कड अखंड लकाकत असते; भिंग वाढवले म्हणजे उमगते, की ती लकाकी म्हणजे प्रत्येक पेशीच्या माथ्यावरील सुमारे 200 पक्ष्माभिकांची, म्हणजे केसासारख्या सूक्ष्म तंतूंची, सेकंदास 10 ते 15 वेळा होणारी फटकार आहे, आणि थेंबात तरंगणारा जो कण त्या कडेपाशी येतो तो एकाच दिशेला लोटला जातो. श्वासनलिकेत या पक्ष्माभिका सुमारे 7 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सात सहस्रांशाएवढ्या, खोल अशा पातळ द्रवात उभ्या असतात व त्यांच्या टोकांवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. धूळ त्या श्लेष्म्यात अडकते आणि तो थर घशाकडे वाहून नेला जातो. द्रव आटला, तर श्लेष्मा पक्ष्माभिकांवर बसून त्यांना जखडतो. फाजील झाला, तर त्यांची टोके श्लेष्म्याला पोहोचत नाहीत.

ही खोली राखण्यासाठी पेशीपाशी पाणी उपसणारा पंप नाही; ती मीठ हलवते, आणि पाणी मिठामागून जाते. रक्ताकडील बाजूस असलेला एक प्रथिनरूप पंप दर खेपेस सोडियमचे 3 आयन बाहेर घालवून पोटॅशियमचे 2 आत घेतो; त्यातून जी ओढ निर्माण होते तिच्या बळावर 1 सोडियम, 1 पोटॅशियम व 2 क्लोराइड असा जथा दुसऱ्या एका वाहकामार्फत आत शिरतो, आणि पेशीत क्लोराइडचा साठा होतो. हवेकडील बाजूचा सीएफटीआर नावाचा मार्ग उघडला, की हे क्लोराइड पृष्ठभागावर येते, पेशींमधील फटींतून सोडियम त्याच्या पाठोपाठ येतो आणि मागोमाग पाणी. उलट द्रव कमी करावयाचा असता सोडियमचा निराळा मार्ग उघडून मीठ आत ओढले जाते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरचा पाटकरी ओल पाहून दारे उचलतो वा पाडतो, तसा हा बंदोबस्त आहे. ओल अजमावण्याची तजवीजही जागच्या जागी आहे: श्वासोच्छ्वासाच्या ताणाने पेशींतून एटीपी हे द्रव्य पृष्ठद्रवात येते, त्यापासून ॲडेनोसीन बनते, द्रव कमी झाला की त्यांची तीव्रता वाढते, आणि ती तीव्रता हाच क्लोराइडचा मार्ग उघडण्याचा व सोडियमचा मिटण्याचा हुकूम ठरतो.

या व्यवस्थेचे मोल ती मोडलेल्या रोग्यांनी जगाला शिकवले. सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या मुलांचा घाम अतिशय खारट असतो हे माहीत होतेच. 1983 मध्ये पॉल क्विंटन यांनी अशा रोग्यांच्या घर्मग्रंथींच्या नलिकांतून क्लोराइड जात नाही असे दाखवले, आणि 1989 मध्ये लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स व जॅक रिऑर्डन यांच्या गटांनी सीएफटीआरचे जनुक शोधले. 1480 अमिनो आम्लांच्या त्या साखळीत 508 व्या स्थानचे एकच आम्ल गळाले, तरी श्लेष्मा घट्ट होऊन फुप्फुसात जंतुसंसर्ग घर करतो. मुलाचा मुका घेता ओठांना मीठ लागत असेल आणि त्याचा खोकला हटत नसेल, तर घामाची तपासणी करवून घेण्यात कसूर करू नये.

परंतु जनुके निर्दोष असणाऱ्यांतही तंबाखूच्या धुराने सीएफटीआरचे काम मंदावते. दिवसभर धूळ घेतलेल्या छातीत सायंकाळी विडीचा धूर सोडणे, म्हणजे ज्या द्रवावर रात्रीची सफाई अवलंबून आहे त्याच्याच वाटेत अडसर घालणे होय. हळद औषधी असली, तरी तिची धूळ फुप्फुसाला धूळच. म्हणून आडत्यांनी व खरेदीदारांनी हमाल-मापाड्यांना चांगले मास्क द्यावेत, पॉलिशच्या ड्रमापाशी धूळ खेचून घेण्याची सोय करावी, आणि हमालबांधवांनी निदान हंगामापुरती तरी विडी सोडावी.