नागरी स्थानिक संस्थांचे उत्तरदायित्व : बेळगाव महानगरपालिकेचे उदाहरण

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या संस्थांची रचना सांगितली जाते. परंतु निर्णय कसा होतो आणि त्याचा जाब कोण विचारतो, हा भाग बहुधा राहून जातो. बेळगावच्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो.

बेळगाव महानगरपालिकेचा कारभार कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ नुसार चालतो. शहरात ५८ प्रभाग आहेत. धोरण ठरविणे हे निर्वाचित सभागृहाचे काम, तर अंमलबजावणी शासननियुक्त आयुक्तांकडे असते. अधिनियमात चार स्थायी समित्या सांगितल्या आहेत : कर, वित्त व अपील, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय, नगररचना व सुधारणा, आणि लेखा. प्रस्तावाची छाननी समितीत होते, सभागृहात चर्चा होऊन ठराव होतो आणि तो इतिवृत्तात नोंदला जातो. ठराव करणारे आणि तो राबविणारे वेगळे असल्यामुळे एकाला दुसऱ्याकडून खुलासा मागता येतो. उत्तरदायित्वाचा पाया हाच होय.

सभागृहच अस्तित्वात नसेल तर हा पाया ढासळतो. बेळगावच्या मागील सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली व कारभार प्रशासकाकडे गेला. मतदान ३ सप्टेंबर २०२१ रोजी झाले. तथापि महापौरांची निवड ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. म्हणजे निवडून आल्यावरही नगरसेवकांना सुमारे १७ महिने सभागृहाची वाट पाहावी लागली. प्रशासकाच्या काळात मंजुरी देणारा आणि अंमल करणारा यांतील भेद उरत नाही. इंदूरमध्येही २०२० च्या आरंभी मुदत संपल्यानंतर निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली.

घटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंह तोमर प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. मात्र पाच वर्षांची मुदत पहिल्या सभेपासून मोजली जाते. त्यामुळे पहिली सभा लांबली तरी नगरसेवकांची मुदत कमी होत नाही. मधल्या काळात प्रतिनिधित्वाविना राहतो तो मतदार.

सभागृह असो वा नसो, नागरिकाच्या हाती एक साधन राहते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार ठराव, कंत्राटे व खर्चाचे तपशील मागता येतात. कलम ४ नुसार बरीचशी माहिती संस्थेने स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. परंतु माहिती मिळणे आणि निर्णय बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. निर्णय बदलण्यासाठी सभागृहात प्रश्न विचारणारा प्रतिनिधी लागतोच.

अध्यापकांना यातून एक उपयुक्त प्रकल्प देता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रभागातील एखाद्या रस्त्याचा किंवा गटाराचा ठराव निवडावा आणि प्रस्ताव, समिती, सभागृह, निविदा, देयक व लेखापरीक्षण या क्रमाने त्याचा माग काढावा. साखळी कोठे तुटते ते दिसले, की उत्तरदायित्व हा शब्द त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.