पिल्सेनच्या भिंती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिशिगन सरोवराच्या काठी शिकागो हे विशाल नगर वसले आहे. त्याच्या मुख्य व्यापारपेठेच्या नैर्ऋत्येस पिल्सेन नावाची जुनी वस्ती आहे. नाव युरोपातले आणि दुकानांवरील पाट्या मात्र स्पॅनिश भाषेतल्या, हे पाहून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. एकोणिसाव्या शतकात येथे चेक लोक येऊन राहिले. मायदेशातील प्लझेन शहराची आठवण म्हणून या वस्तीस हे नाव पडले. १८९२ साली उभारलेले त्यांचे थालिया हॉल आजही तेथे आहे. पुढे त्यांची मुलेनातवंडे अन्यत्र पांगली. १९६० नंतर जवळच विद्यापीठाच्या नव्या वास्तूंसाठी जी घरे पाडण्यात आली, त्यांत मेक्सिकन कुटुंबांची घरे पुष्कळ होती. अशी बेघर झालेली अनेक कुटुंबे पिल्सेनमध्ये आली.

येताना त्यांनी आपली कलाही आणली. १९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोत दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस या चित्रकारांनी सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर जनतेचा इतिहास रंगविला होता. चित्र हे श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडू नये, हा त्यांचा आग्रह. तीच परंपरा पिल्सेनमध्ये रुजली. घरांच्या बाजू, रेल्वेचा लांबच लांब कठडा, स्थानकाचे जिने, सारे रंगांनी भरून गेले. १९८२ साली काही शाळाशिक्षकांनी एकत्र येऊन मेक्सिकन कलेच्या संग्रहालयाचा संकल्प केला, आणि १९८७ मध्ये ते हॅरिसन उद्यानात उघडले. या राष्ट्रीय मेक्सिकन कला संग्रहालयात प्रवेशास मूल्य पडत नाही. शिक्षकांनी आरंभिलेल्या संस्थेस हे शोभून दिसते.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मेक्सिकन लोक मृतांचे स्मरण करतात. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असा हा सण. परंतु यात गांभीर्याबरोबर आनंदही असतो. दिवंगतांच्या तसबिरीपुढे दिवे, गोड पाव आणि झेंडूची फुले मांडतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मूळचा मेक्सिकोकडचाच, हे पुष्कळांना ठाऊक नसते! मिरचीही तिकडचीच.

खाद्यपदार्थांत मक्याची तोर्तिया ही मुख्य. ती आपल्या भाकरीची धाकटी बहीण म्हणावी, परंतु तिची कृती निराळी आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन ओलेच वाटतात. त्यामुळे टरफल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यात बद्ध असलेले एक जीवनसत्त्व शरीरास मिळू शकते. युरोपीयांनी मका नेला, पण ही कृती नेली नाही. म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्या तेथील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. मेक्सिकोतील अशिक्षित गृहिणींचे ज्ञान असे मोलाचे होते. याच पिठात सारण भरून, मक्याच्या कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेले तमाल थंडीच्या सकाळी येथे रस्त्यावर मिळतात. हळदीच्या पानातील पातोळ्या खाल्लेल्या कोकणी माणसास ते परके वाटणार नाहीत.

अशा वस्तीची कीर्ती झाली की धनिकांची दृष्टी तिकडे वळते. घरभाडी वाढली. सन २००० ते २०१० या दशकात येथील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रहिवाशांची संख्या सुमारे १० हजारांनी घटली. चित्रांच्या ओढीने नवे लोक आले, आणि ज्यांची ती चित्रे, त्यांनाच तेथे राहणे परवडेनासे झाले. कासा अस्त्लान या लोकसेवा केंद्राच्या भिंतीवर रे पात्लान या चित्रकाराने १९७० च्या दशकात मोठे चित्र काढले होते. केंद्र बंद पडले, इमारत विकली गेली, आणि २०१७ साली नव्या मालकाने त्या चित्रावर करडा रंग फासला. रहिवासी संतापले, त्यांनी निदर्शने केली. अखेर मालकास नमते घ्यावे लागले. पात्लान यास पुन्हा बोलावण्यात आले, आणि त्याच भिंतीवर त्याने नवे चित्र रंगविले. आत मात्र आता भाड्याची घरे आहेत.